बदलवहीत न लिहिलेली नोंद

टायपिंगच्या धंद्यातल्या गमती मी दिवाळी अंकांसाठी पुष्कळ लिहिल्या. परीक्षेत कार्बन उलटा लावून पाठीमागे अख्खं पत्र छापणारा उमेदवार, मशीनची एक काडी तुटली म्हणून ‘क’ नसलेला अर्ज चालेल का असं विचारायला आलेला तलाठी, असं बरंच. खिल्लारे सरांची हकीकत मात्र चार वेळा लिहायला घेतली आणि चारही वेळा टाकून दिली. दोनदा ती विनोदी व्हायला लागली होती. दोनदा तिच्यात माझी चूक आपोआप लहान होत गेली होती.

गेल्या हिवाळ्यात परभणीतल्या एका मंडळाने माझा सत्कार केला. मानपत्रात ‘जिल्ह्यातील पहिल्या मराठी संगणक प्रोग्रामचे जनक’ असं लिहिलं होतं. मी मान खाली घालून शाल घेतली. समोरच्यांना तो विनय वाटला. तो प्रोग्राम माझा नव्हता. त्यातलं एक अक्षरही मी रचलेलं नव्हतं. तो रचणाऱ्या माणसाचं नाव मीच त्यातून खोडलं होतं, आणि तो माणूस जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. म्हणून हे पाचव्यांदा लिहीत आहे. या वेळी पूर्ण करणार आहे.

माझी टायपिंग इन्स्टिट्यूट स्टेशन रोडजवळ पहिल्या मजल्यावर होती. अकरा मराठी मशीन, सहा इंग्रजी. एकोणनव्वद साली मी एक कॉम्प्युटर घेतला. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जात, दाराला पडदा लावत आणि मशीनला खोळ शिवत. आमच्याकडे खोळ होती, पडदा होता, पण त्या यंत्राला मराठी येत नव्हतं. मराठी येणारं कार्ड विकत मिळायचं. ते माझ्या आवाक्यात नव्हतं. त्यामुळे वर्षभर ते यंत्र म्हणजे इंग्रजी पत्रं छापणारं एक महागडं कपाट होतं.

एका शनिवारी एक सडपातळ गृहस्थ जिना चढून आले. चारठाण्याकडच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवतो म्हणाले. काखेत आलेखाच्या वह्यांचा गठ्ठा. त्यांनी वही उघडली. पानावर चौकोन भरून काढलेला ‘अ’. पुढच्या पानावर ‘आ’. अशी अडीचशेच्या वर अक्षरं आणि जोडाक्षरं, प्रत्येक अक्षर टिंबाटिंबांनी काढलेलं.

“प्रिंटरला नुसती टिंबं कळतेत, सर,” ते म्हणाले. “टिंबं आपण द्यायची. मराठी कशाला यायला पायजे त्याला?”

“आणि याचं घेणार काय तुम्ही?”

“मशीनवर बसू द्या शनिवार-रविवार. दुसरं काय न्हाई.”

माझा संशय तिथेच सुरू झाला. तो पुढे तीन वर्षं वाढला, पण त्याचं बी त्या उत्तरात होतं. फुकट कोण काम करतं? मी घरी जाऊन बायकोला म्हणालोसुद्धा, “शिकून घेईल आणि शेजारी स्वतःचं दुकान टाकेल.”

दुकान त्यांनी टाकलं नाही. दर शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की एसटीने येत, पायऱ्यांशी चपला काढत, कामाला बसत. जिंतूरला एका बियाण्याच्या दुकानदाराकडे त्यांच्या ओळखीने आणखी एक कॉम्प्युटर होता, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी त्यावर बसत. दीड वर्षाने प्रोग्राम तयार झाला. टायपिंग शिकलेल्या कुणालाही नेहमीच्याच कळा दाबून त्यावर मराठी लिहिता येई. त्याचं नाव त्यांनी ‘पाटी’ ठेवलं.

मी म्हणालो, “आता हा विकू.”

“न्हाई,” ते म्हणाले. “ज्याला पायजे त्यानं फ्लॉपी आणावी, घेऊन जावं. आतलं लिखाण पण द्यायचं, सगळं उघडं. कुणाला नीट करावं वाटलं तर करू द्या. पाटी एकट्याची नसती, सर.”

बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. प्रोग्राम विकणारे लोक त्याचं आतलं लिखाण कधी दाखवत नाहीत. चालवायला देतात, उघडायला देत नाहीत. खिल्लारे सरांनी आतलं लिखाणही फ्लॉपीवर ठेवलं. मला वाटलं, एवढं उघडं ठेवणारा माणूस काहीतरी लपवत असणार.

मग आमची एक पद्धत पडली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात दोन फ्लॉप्या आणि एक शंभर पानी वही, असा डबा एसटीच्या कंडक्टरबरोबर गावोगाव फिरे. परभणीहून जिंतूर, तिथून सेलू, मग गंगाखेड, मग परत माझ्याकडे. ज्याने प्रोग्राममध्ये काही बदल केला त्याने तो वहीत लिहायचा: काय बदललं, का बदललं, नाव, गाव. ही बदलवही. न लिहिता काहीही बदलायचं नाही, हा एकच नियम. मूळ प्रत माझ्याकडे राही आणि डबा परत आला की वहीशी ताडून मी ती नवी करी. म्हणजे राखणदार मी. याचा मला फार अभिमान होता.

ती वही वाचायला मजा यायची. गंगाखेडचे सोनटक्के एका वकिलाकडे टायपिस्ट होते. ते लिहीत, “रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो. आमचे वकीलसाहेब संतापले. पक्षकार धर्माजीचा धमार्जी झाला, कोर्टात हशा.” खाली खिल्लारे सरांचं बारीक अक्षर: “रफार बांधला. धर्माजींची माफी मागावी.” त्याखाली सोनटक्के: “मागितली. ते म्हणतात केस जिंकून द्या मग बघू.”

एक गोष्ट इथेच नोंदवतो. खिल्लारे सर मला सर म्हणत. मी त्यांना ‘खिल्लारे’ म्हणे. त्यांच्याच शाळेतले दुसरे एक शिक्षक कधीमधी येत, त्यांना मी न चुकता सर म्हणत असे. त्या काळात हे माझ्या ध्यानातही आलं नाही. अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात आपलं घर गाव सोडून जिंतूरला आलं, एवढं त्यांनी एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. का, ते मी विचारलं नाही. मराठवाड्यात त्या पावसाळ्यात नामांतरावरून काय झालं ते मला माहीत होतं, आणि विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं.

आता त्र्याण्णव सालाकडे येतो.

‘पाटी’त एक सोय होती, आखूड शब्द. लांबलचक नावं पुन्हा पुन्हा टाइप करायला नकोत म्हणून दोन-तीन अक्षरांची खूण ठरवून ठेवायची. ‘जिप’ लिहिलं की छापताना ‘जिल्हा परिषद’ होई. विद्यापीठाच्या नावाचीही तशी खूण होती. पडद्यावर खूणच दिसे, पूर्ण शब्द थेट कागदावर उमटे, कारण मशीनची मेमरी तेवढीच. हे आखूड शब्द एका वेगळ्या फाइलमध्ये राहत आणि कुणालाही सहज बदलता येत.

मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदलावं की नाही, यावर तेव्हा चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत लोकांचे दोन भाग पडलेले होते. माझा भाग कोणता ते उघड बोलायची वेळ मी येऊ देत नसे. धंद्याच्या माणसाने बोलू नये, असं मी स्वतःला सांगे.

दिवाळीनंतर एका महाविद्यालयाचं पत्र आमच्याकडे आलं. वार्षिक समारंभाचं निमंत्रण, तीनशे प्रती. अशा कामाला आम्ही प्रिंटरची रिबन काढून थेट मेणाच्या स्टेन्सिल कागदावर अक्षरं कापत असू आणि मग त्या स्टेन्सिलवरून प्रती काढत असू. कापलेली स्टेन्सिल डोळ्यांना धड वाचता येत नाही. आमच्या टायपिस्ट बाईंनी पडद्यावर तपासलं, ठीक होतं. प्रती निघाल्या, शिपाई घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी प्राचार्य स्वतः जिना चढून आले. चपला न काढता आत आले.

“मुळे, हे वाचा.”

मी वाचलं. “शुद्धलेखन ठीक आहे, सर.”

“तिसरी ओळ वाचा हो!”

तिसऱ्या ओळीत विद्यापीठाचं नाव होतं. नवं. ज्याची मागणी चालू होती आणि ज्यावर अजून सरकारी शिक्का बसलेला नव्हता, ते पूर्ण लांब नाव.

“सगळ्या संचालकांच्या घरी गेलीत ही पत्रं. सकाळपासून फोन वाजायलाय. सरकारच्या आधी मीच जाहीर करून टाकलं म्हणतेत लोक. खाली सही कुणाची? माझी!” त्यांनी कागद टेबलावर आपटला. “तुमच्या त्या प्रोग्रामात हात कोण घालतं?”

सेलूला पाटी नुसती वापरत. हात घालणारे आम्ही चौघं होतो. जिंतूरचा दुकानदार, गंगाखेडचे सोनटक्के, खिल्लारे आणि मी. मी एका श्वासात म्हणालो, “खिल्लारे.”

“कोण खिल्लारे?”

“चारठाण्याकडच्या शाळेत गणिताचे आहेत.”

ती शाळा आणि हे महाविद्यालय एकाच संस्थेचं. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. “हां,” ते म्हणाले, “म्हणजे उलगडा झाला.” त्यांना जेवढं लागत होतं तेवढं आडनावातच मिळालं होतं. मलाही.

पुढच्या शनिवारी खिल्लारे सर आले तेव्हा संस्थेची नोटीस त्यांच्या खिशात होती. पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा कारवाई. त्यांनी पायऱ्यांशी चपला काढल्या, नेहमीच्या खुर्चीत बसले नाहीत, उभेच राहिले.

“सर, तुमी माझं नाव सांगितलं?”

“मी कुणाचं नाव सांगितलं नाही. प्रोग्राम कुणाचा असं विचारलं, ते सांगितलं.”

“बरं.” ते म्हणाले, “मला नाव बदलायचं असतं तर मी वहीत लिहून बदललं असतं. सही करून. लपून कशाला बदलू? त्यासाठी आमची माणसं सरळ रस्त्यावर बसलीत.”

मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिलो.

“सर, तुमी त्या फाइलची तारीख बघितली का?”

“तारखांचं काय घेऊन बसलात? डब्यातून येणाऱ्या सगळ्या फाइलींवर ऐंशी सालच असतं.”

“एकदा बघा,” ते म्हणाले आणि खाली उतरले.

मला ती पळवाट वाटली. मी मूळ प्रत होती तशी कुलपात घातली, डबा फिरवायचा बंद केला आणि आठवडाभर प्रोग्रामचं आतलं लिखाण कागदावर छापून ओळ न् ओळ वाचत बसलो. एका ठिकाणी त्याने नाव घुसवलं तर आणखी कुठे काय घुसवलं असेल? छापील कागदाच्या घड्या टेबलावरून जमिनीवर उतरल्या. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं, आणि जे कळत नव्हतं ते सगळं मला संशयास्पद वाटत होतं.

अखेर एक जागा सापडली. चाळीस ओळी छापून झाल्या की प्रोग्राम काहीही न करता थोडा वेळ नुसता थांबत होता. काही कारण नाही, काही काम नाही. मी लाल पेन्सिलीने गोल केला. प्रिंटर, टाइपरायटर सगळं दुरुस्त करणारे सलीमभाई त्याच दिवशी आले होते. मी त्यांना कागद दाखवला.

“क्या मुळे साब, जासूसी चल रही क्या?”

“ही ओळ बघा. मुद्दाम काम मंद करायची युक्ती आहे. हळूहळू लोक कंटाळतील, पाटी बंद पडेल.”

सलीमभाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग हसायलाच लागले. “अरे साब, ये तो मैंच बोला था उनको! आपके प्रिंटर का हेड गरम होता ना, पिन जल जाती. मैं बोला, मास्टरजी, चालीस लाइन के बाद इसको जरा दम लेने दो. आपके वास्तेच किया उन्होंने. बाकी किसी का प्रिंटर इतना बुढ्ढा नहीं.”

“मला कधी बोलले नाहीत.”

“आप पूछे क्या?” ते म्हणाले, आणि प्रिंटरवर फुंकर मारून धूळ उडवली. मग सहज म्हणाले, “तारीख देखी आपने? खिल्लारे साब मेरे को बोल रहे थे, मुळे साब तारीख देखते नहीं.”

ही तारखेची भानगड बाहेरच्यांना सांगतो. त्या वेळचा साधा कॉम्प्युटर सुरू केला की तो आधी आजची तारीख विचारी. लोक कंटाळून नुसतं एंटर दाबत. मग यंत्र समजे की आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी, आणि त्या दिवशी केलेल्या प्रत्येक फाइलवर तीच तारीख पडे. जिंतूरला तसंच, सेलूला, गंगाखेडला तसंच. डब्यातून येणाऱ्या सगळ्या फाइली ऐंशी सालच्या. अपवाद एकच यंत्र होतं. माझं. सलीमभाईंकडून मी त्यात बॅटरीवरचं घड्याळ बसवून घेतलं होतं आणि आल्यागेल्याला ते कौतुकाने दाखवत असे. इतर फाइलींवर माझ्या यंत्राची तारीख मूळ प्रत नवी करताना पडे. आखूड शब्दांची फाइल मात्र कुणी शब्द बदलला तरच बदले.

सलीमभाई गेल्यावर मी फाइलींची यादी पडद्यावर काढली. आखूड शब्दांच्या फाइलीसमोर ऐंशी साल नव्हतं. दिवाळीच्या आधीची एक तारीख होती. मंगळवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं.

मंगळवारी सकाळी अकरा वीसला खिल्लारे सर चारठाण्याकडे वर्गात होते. माझ्या यंत्रापाशी मी होतो.

मग सगळं एकदम आठवलं. त्या मंगळवारी पूर्णा रस्त्यावरच्या एका गावची पाच-सहा माणसं आली होती. जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं निवेदन होतं, नामांतर झालंच पाहिजे म्हणून. चार पानं, आणि विद्यापीठाचं नवं नाव त्यात जागोजागी. टायपिस्ट बाई रजेवर होत्या. मीच बसलो. प्रत्येक वेळी ते लांब नाव टाइप करायचा कंटाळा, म्हणून विद्यापीठाची जी खूण होती तिच्यासमोरचं जुनं नाव काढून नवं घातलं. काम झाल्यावर परत बदलायचं असं ठरवलं होतं. ती माणसं निवेदन घेऊन खाली उतरली आणि लाइट गेली. मग मी जेवायला घरी गेलो. आणि विसरलो. खरोखर विसरलो, माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे.

पण वहीत का लिहिलं नाही? ते विसरलो नव्हतो. डबा त्या दिवशी माझ्याकडेच होता, वही टेबलावर होती. मी लिहिलं असतं तर ते जिंतूरला वाचलं गेलं असतं, सेलूला वाचलं गेलं असतं. मुळ्यांनी नामांतराचं निवेदन टाइप केलं हे चार गावांत झालं असतं. ते मला नको होतं. काम चालत होतं, नोंद चालत नव्हती. ज्या वहीचा नियम मी सगळ्यांना ऐकवायचो, तो मी एकट्यानेच मोडला होता, तोही जाणूनबुजून.

नोटिशीच्या खुलाशाला तेव्हा सहा दिवस उरले होते. मी संस्थेच्या कचेरीत जाऊन चार वाक्यं बोललो असतो तर पुरलं असतं. खिल्लारे सरांची नोकरीतली अब्रू आणि त्यांचं पाटीतलं स्थान, दोन्ही त्या चार वाक्यांवर टांगलेलं होतं. आणि मला ते स्पष्ट दिसत होतं.

मी काय केलं? मी परत लिखाण वाचायला बसलो. त्यांचा दुसरा एखादा दोष सापडतो का ते शोधायला. एखादा सापडला असता तर माझा पहिला आरोप निदान अर्धा खरा ठरला असता. चूक कळल्यावर संशय जातो असं लोकांना वाटतं. माझा उलट वाढला. हा माणूस सगळं जाणून गप्प का आहे? सलीमभाईंना नुसतं तारीख म्हणतो, माझं नाव का घेत नाही? याला माझ्यावर कायमचा हक्क ठेवायचा असेल. ऐन वेळी बोलेल. सभेत बोलेल. मी रोज वाट बघत होतो.

ते बोलले नाहीत. खुलाशात त्यांनी एवढंच लिहिलं की बदल मी केलेला नाही, संस्थेने तज्ज्ञाकडून तपास करावा. तपास कुणी केला नाही. तज्ज्ञ म्हणून संस्थेने मलाच विचारलं. मी लिहून दिलं, “बदल नेमका कोणी केला हे सांगणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही.” हे वाक्य मी माझ्या सगळ्यात चांगल्या मशीनवर टाइप केलं होतं.

त्यांची बदली झाली, पार सोनपेठच्या पलीकडे. तिथे ना कॉम्प्युटर, ना जिंतूरचा दुकानदार, ना शनिवारी परभणीला येऊन परतता येईल अशी गाडी.

जाण्याआधी एका रविवारी ते आले. सोबत त्यांच्याकडच्या सगळ्या फ्लॉप्या आणि एक दोनशे पानी वही. त्यात अख्खी ‘पाटी’ समजावून लिहिली होती. कोणता भाग काय करतो, कुठे हात लावायचा, कुठे लावू नये.

“आता मी थांबतो, सर,” ते म्हणाले. “पुढं कुणी करणारा आला तर त्याला अडायला नको, म्हणून लिहिलंय. रफाराचं प्रकरण पान चाळीसला हाय. लय किचकट हाय ते, सावकाश वाचा म्हणावं.”

मी म्हणालो, “तुमच्याकडे प्रत वगैरे…”

“न्हाई ठेवली.”

“तसं लिहून देता का? संस्थेला दाखवायला बरं.”

त्यांनी माझ्या टेबलावरचा कागद ओढला, उभ्याउभ्याच लिहिलं, सही केली. मग पायऱ्यांशी चपला घातल्या आणि गेले. त्या संध्याकाळी मी ‘पाटी’ सुरू होताना दिसणाऱ्या ‘रचना: खिल्लारे’ या ओळीच्या जागी ‘परभणी टंकलेखन मंडळ’ घातलं. असं मंडळ कुठेच नव्हतं.

ती समजावून लिहिलेली वही मी पुष्कळ दिवस उघडली नाही. त्यातही काही सापळा असेल असं वाटे. उघडली तेव्हा शेवटच्या पानावर ‘माहीत असलेल्या उणिवा’ असं शीर्षक होतं. सातवी उणीव अशी: “आखूड शब्द वहीत नोंद न करता बदलता येतात. घाईत कोणाकडूनही राहून जाऊ शकते. ही रचनाकाराची चूक आहे, वापरणाऱ्याची नाही. दुरुस्त करावे.”

महिनाभरात सरकारने विद्यापीठाच्या नावाचा निर्णय जाहीर केला. परभणीत एका बाजूला गुलाल उधळला गेला, एका बाजूला दुकानं अर्धी ओढलेली होती. आठवड्याने प्राचार्यांचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला: यापुढील सर्व पत्रांत विद्यापीठाचे नाव नवीन लिहावे. जुनं नाव मी मधल्या काळात गुपचूप परत टाकलं होतं. आता आखूड शब्दांची फाइल उघडली आणि तेच नाव, फक्त ‘मराठवाडा’ हा शब्द कायम ठेवून, त्याच खुणेसमोर पुन्हा घातलं. या वेळी बदलवहीत नोंद केली, तारीख घातली, ठळक सही केली. त्याआधीच्या पानापर्यंत ती वही खिल्लारे सरांच्या अक्षराने भरलेली होती.

‘पाटी’ पुढे दोन वर्षंही चालली नाही. नवे प्रिंटर आले, त्यांना टिंबं वेगळी लागत. सोनटक्क्यांनी एकदा गंगाखेडहून येऊन तक्रार केली, “मुळे सर, र परत उड्या मारायलाय. ते खिल्लारे कुठं गेले हो?”

“बदली झाली.”

“पोस्टानं विचारा की त्यांना. पोस्ट काय बदली झालेल्याला चालत न्हाई का?”

मी विचारलं नाही. पान चाळीस मला शेवटपर्यंत कळलं नाही.

बरीच वर्षं गेली. माझी इन्स्टिट्यूट बंद झाली, मशीन भंगारात गेली. खिल्लारे सर निवृत्त होऊन जिंतूरला राहायला आल्याचं कळलं. एका सकाळी मी ठरवून एसटीत बसलो. वाटेत वाक्य जुळवलं: त्या मंगळवारी मी बदललं होतं, मला कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. तेवढंच. पुढे कारणं जोडायची नाहीत.

त्यांनी दारातच ओळखलं. “या, या सर! अगं, परभणीचे मुळे सर आलेत. मी शनिवारी ज्यांच्याकडं जायचो ना, ते.” त्यांच्या पत्नीने पोहे केले. त्यांच्याकडे नवा कॉम्प्युटर होता, त्यावर मराठी आपोआप येत होतं. ते मला कौतुकाने दाखवत होते. “बघा सर, आपण दीड वर्ष टिंबं भरली. आता पोरंसोरं एका बटनावर लिहायलीत.” प्रिंटरच्या गरम होणाऱ्या हेडची आठवण काढून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. दोन तास गेले. ‘आपण’ हा शब्द त्यांनी कितीदा वापरला ते मी मोजलं नाही, पण प्रत्येक वेळी मला ऐकू आला.

शेवटी मी म्हणालो, “ते त्र्याण्णवचं…”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. “परभणीची गाडी पावणेपाचला हाय, सर. ती हुकली की लय थांबावं लागतं. चला, मी येतो स्टँडवर.”

आजही मला कळत नाही की त्यांनी मला वाचवलं की अडवलं. माणूस म्हणून त्यांना मला मोकळं करायचं होतं, की मी मोकळा होऊ नये असंच त्यांना वाटत होतं? बघा, त्यांच्यावर संशय घ्यायची सवय मला इतक्या वर्षांनंतरही गेली नाही.

आम्ही स्टँडवर पोचलो तर गाडी लागलेली नव्हती. ती वीस मिनिटं उशिरा आली. ते माझ्या शेजारी, एका हाताच्या अंतरावर उभे राहिले. मला वेळ होता. आजूबाजूला आमचं ऐकणारं कुणी नव्हतं. वाक्य पाठ होतं, पूर्ण.

“रस्ता आता बरा झालाय,” मी म्हणालो.

“हो,” ते म्हणाले. “पुलाचं काम राहिलंय अजून.”

मग आम्ही पुलाबद्दल बोललो. गाडी आली. मी चढलो.